टाकीत प्लुटोनियम आहे म्हणून टाकी अणुबॉम्ब होत नाही राव

तोच मेसेज आठवड्यात तीन ग्रुपवर आला, शेवटी लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेत हॅनफर्डला जमिनीखाली किरणोत्सारी कचऱ्याच्या १७७ टाक्या आहेत, त्यात १००० किलो प्लुटोनियम आहे, नागासाकीच्या बॉम्बला ६ किलो लागलं होतं, म्हणजे १६० च्या वर अणुबॉम्ब पुरून ठेवलेत, टाक्या म्हाताऱ्या झाल्यात, पाणी आटलं की फुटणार, आणि १९५७ ला रशियात असाच अणुस्फोट झाला होता तो दाबला गेला. खाली हात जोडलेले आणि "पुढे पाठवा".

१७७ बरोबर आहे. ६ किलोही बरोबर, आणि ते प्लुटोनियम हॅनफर्डलाच बनलं होतं, त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याने काहीतरी वाचलंय एवढं मान्य. पुढचा भागाकार मात्र शाळकरी आहे.

किलो मोजून काही कळत नाही, लिटरला किती ते विचारा. त्या टाक्यांमध्ये एकूण साधारण २१ कोटी लिटर कचरा आहे. वादापुरते ते १००० किलो खरे धरू. पसरलं तर लिटरला ५ मिलिग्रॅम होतं. तुम्ही म्हणाल प्लुटोनियम जड, तळाला गाळात बसतं, सरासरी काय सांगतोस, बरोबर आहे, मग सगळंच्या सगळं एक दशांश भागात कोंबा, तरी ५० मिलिग्रॅम. साध्या पाण्यात चेन रिअ‍ॅक्शन (एक अणू फुटला की पुढचे फुटत जाणं) चालू राहायला लिटरला ७ ग्रॅमच्या आसपास लागतात! आणि हा गाळ म्हणजे साधं पाणी नाही. कचरा मुळात अ‍ॅसिडचा होता, साध्या पोलादाच्या टाक्या त्याने खाल्ल्या असत्या म्हणून त्यात कॉस्टिक सोडा ओतला, त्यामुळे प्लुटोनियम लोखंड, मँगनीज वगैरेंच्या सोबतच साका होऊन खाली बसलं, आणि हे सोबती न्यूट्रॉन, म्हणजे पुढचा अणू फोडणारे कण, गिळतात.

पाणी आटलं की स्फोट, हे तर उलटंच आहे. पाणी न्यूट्रॉनला मंद करतं आणि मंद न्यूट्रॉन फिशन (अणूचं फुटणं) जास्त सहज घडवतो, म्हणून पाण्यात अर्धा किलो प्लुटोनियमसुद्धा पुरू शकतं, पण नुसता उघडा धातूचा गोळा असेल तर १० किलोच्या पुढेमागे लागतात. गाळ आटून घट्ट होतो हे खरं, पण त्याच्यासोबत लोखंडही घट्ट होतं ना, दोघांचं प्रमाण तेच राहतं. आणि समजा क्रिटिकॅलिटी (चेन रिअ‍ॅक्शन आपोआप चालू राहणं) झालीच तरी ती म्हणजे बॉम्ब नव्हे. बॉम्बला धातू क्षणात दाबून धरावा लागतो, द्रवात उष्णता आणि बुडबुडे तयार होऊन ते स्वतःच फुगतं आणि जोर उतरतो. जवळ उभा असलेला माणूस मरू शकतो, शहर उडत नाही.

१९५७ चं काय? ते खरंच घडलं, २९ सप्टेंबर, मायाक या प्लुटोनियमच्या कारखान्यात, आणि सोव्हिएत सरकारने दाबलंही. पण तो अणुस्फोट नव्हता. टाकीचं कूलिंग बंद पडलं, कचरा आपल्याच उष्णतेने सुकला आणि उरलेले नायट्रेट-अ‍ॅसिटेटचे क्षार तापून फटाक्याच्या दारूसारखे उडाले. म्हणजे पाणी आटून स्फोट झाला हे बरोबर, कारण मात्र भलतंच. मेसेजवाल्याने इथूनच उचललं असावं असं मला वाटतं.

आता एक मित्र लगेच म्हणाला, मग काही धोका नाहीच ना. असंही नाही बाबा. पडून राहिलेला गाळ शांत असतो, हलवायला घेतला की प्रश्न सुरू होतात. लॉस अ‍ॅलामॉसला (अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत) ३० डिसेंबर १९५८ ला एका पिंपात सॉल्व्हंटचा (विरघळवणाऱ्या रसायनाचा) थर वर तरंगत होता, त्यात ३ किलोच्या वर प्लुटोनियम, आणि थर पसरट होता म्हणूनच गप्प होता. कामगाराने ढवळणी चालू केली, भोवऱ्याने थराचा आकार बदलला, मधे तो जाड झाला, आणि क्षणात क्रिटिकल. तो माणूस दीड दिवसात गेला. प्लुटोनियम तेवढंच होतं, कमीजास्त काही नाही, फक्त आकार बदलला! हॅनफर्डलाही ७ एप्रिल १९६२ ला क्रिटिकॅलिटी झाली, पण प्लुटोनियमच्या प्लांटमध्ये, भांड्यात चुकीचा द्रव ओढला गेल्यामुळे, कचऱ्याच्या टाकीत नाही. तीन जणांना किरणोत्साराचा डोस बसला, कोणी मेलं नाही.

म्हणून हॅनफर्डच्या टाक्या उपसून कचरा काचेत कोंडणारा प्लांट बांधताना खरी डोकेदुखी ही होती की मिक्सिंगच्या भांड्यात प्लुटोनियमचे जड कण लोखंडापासून सुटून एका कोपऱ्यात साठले तर काय. २०१० मध्ये तिथल्या आण्विक सुरक्षा मंडळाने याच मिक्सिंगवर अधिकृत शिफारस काढली होती.

आणि हे सगळं भांडताना मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही: १७७ पैकी ६७ टाक्या गळल्याचं धरलं जातं आणि ३८ लाख लिटरच्या आसपास कचरा जमिनीत गेलाय, खाली भूजल आहे आणि थोडं पुढे कोलंबिया नदी. ते पुढे पाठवा हवं तर.