दिलगीर आहोत

प्रमाणपत्रावर माझ्या नावाआधी 'चि.' छापलंय. माझं वय ४९. नावाखाली 'बालगट : उत्तेजनार्थ' आणि सोबत एक कंपासपेटी. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं असल्यामुळे 'चि.' पेनाने खोडताही येत नाही. रविवारी रात्री तो प्रयत्न करून झाला.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत छंदमेळा होता. फॉर्मवर मी 'रेल्वे मॉडेलिंग' लिहिलं, समितीने त्याचं 'खेळण्यातील आगगाडी' केलं आणि मला चौथीतल्या मुलीची ओरिगामी आणि नाचणीचे लाडू यांच्या मधलं टेबल दिलं. इथवर मी काही बोललो नाही.

आता थोडं अवघड कबुलीचं. माझी गाडी पळत नाही. राजधानी, वाफेचं इंजिन, डोंगरातला बोगदा, यातलं मला काहीच नको असतं. माझा जीव शंटिंगच्या इंजिनावर. दिवसभर यार्डात पुढे-मागे करायचं, डबे जोडायचे, तोडायचे, आणि तयार गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन परत कोपऱ्यात उभं राहायचं. (मी लेखा विभागात नोकरीला आहे. याचा त्याच्याशी संबंध नाही, असं मी हिला सांगतो.)

त्यातही लाडकं म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी. १९३७ साली अमेरिकेत रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात ठरलं की ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन पाहिजेच. डिझेलवर फायरमन कोळसा कुठे टाकणार, हे विचारायचं नाही. मग इंजिनच ४४ टनांचं काढलं. त्यांचा टन २,००० पौंडांचा, म्हणजे झाले ८८,०००. विमानतळावर बॅग उघडून लोणच्याची बरणी हातात घेणाऱ्या कुटुंबाची ही बुद्धी अख्ख्या इंजिनाला लावलेली! मधे केबिन, दोन्हीकडे सारखी नाकं, त्यामुळे येतंय की जातंय ते कळत नाही. माझ्याकडचं त्याच्या १/८७ आकारात आहे, बारा सेंटीमीटरच्या आत-बाहेर.

टेबलावर मी अ‍ॅलन राइट या इंग्रज गृहस्थांचं 'इंगलनुक' कोडं मांडलं होतं. तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ; एकात पाच डबे मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. डबे एकूण आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने पाच डबे निघतील त्याच क्रमाने गाडी लावून द्यायची. असे ६,७२० क्रम होतात. मी हे पाठ करून गेलो होतो. सकाळपासून विचारलं गेलं ते एकच, "केवढ्याला पडलं?" खरी किंमत सांगितली की लोक हिच्याकडे सहानुभूतीने बघतात, म्हणून मी तिसरा हिस्सा सांगतो. तरी "बाप रे" येतंच. याच माणसांनी हॉलमध्ये ट्रेडमिल घेऊन त्यावर टॉवेल वाळत घातलेत, त्यांना कोणी किंमत विचारत नाही. असो.

साडेअकराला बी विंगचे काका आले. फोर्टात बँकेत नोकरी, चौतीस वर्षं ठाणे ते व्हीटी. त्यांनी हात पाठीमागे बांधून यार्ड न्याहाळलं.

"कुठे जाते?"

"कुठे नाही काका. शंटिंग करते."

"डबे किती?"

"आठ."

"आठ?" काकांनी चष्मा कपाळावर नेला. "अहो, नवाचे बारा झाले, बाराचे पंधरा करताहेत, आणि तुम्ही अजून आठावर?"

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. काका एरवी मला 'अरे' म्हणतात. 'अहो' ते फक्त सरकारी खात्याला म्हणतात.

"काका, ही मालगाडी आहे."

"तेच म्हणतोय! मालगाडी आधी सोडायची आणि आम्ही शीव-कुर्ल्याच्या मधे लटकून. मी तीन पत्रं लिहिली होती. पोच नाही."

"काका, मी रेल्वेत नाही."

"सगळे हेच म्हणतात. खिडकीवरचा म्हणतो ते खातं माझं नाही. सव्वीस जुलैला, २००५ साली, मी कुर्ल्याहून रुळांतून चालत ठाण्याला आलो. कमरेएवढं पाणी. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पुण्यात," मी खरं ते सांगितलं.

"बघा!" काका लाडूवाल्या वहिनींकडे वळून म्हणाले.

आणि नेमकं तेव्हाच माझं ४४ टनी सांध्यावर, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळायच्या जागी, थांबलं. यात त्याची चूक नाही. या इंजिनांना वीज रुळांतून चाकांवाटे मिळते आणि सांध्याच्या मधोमध प्लास्टिकचा एक निर्जीव तुकडा असतो. लांबलचक, बारा चाकी इंजिन तो सहज ओलांडतं. आखूड, हलक्या शंटरची निम्मी चाकं त्यावर आली आणि उरलेल्यांखाली धूळ असली की संपलं. आणि धूळ म्हणाल तर दारात मेट्रोचं काम चाललेलं. पहाटे उठून सगळे रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले होते.

"सिग्नल?" काकांनी विचारलं.

"नाही, धूळ."

"पावसाळ्यात पाणी सांगता, आता धूळ!"

गाडी थांबली तशी गर्दी जमली. सकाळपासून जिला तीनच जण भेटले होते, तिच्याभोवती पंधरा माणसं. दोघांनी सवयीने घड्याळ बघितलं. मागून कोणी तरी म्हणालं, "रविवार आहे, मेगाब्लॉक असणार." मी वाकून वायर तपासत होतो. काका मात्र शांत, जवळजवळ प्रसन्न दिसत होते.

"उद्घोषणा करा."

"काय?"

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, म्हणा. चौतीस वर्षं भोंग्यातून ऐकलं. आज समोर माणूस आहे."

हसतील आणि सोडतील असं वाटलं. कोणी हसलं नाही. पंधराच्या पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती, त्यात सीएसएमटीला रोज जाणारी निम्मी तरी असतील. मी म्हणालो, "दिलगीर आहोत."

"प्रवाशांना होणाऱ्या," काकांनी आठवण करून दिली.

मी पूर्ण वाक्य म्हटलं आणि बोटाने इंजिन पुढे ढकललं. ते निघालं.

"असं बोटाने ढकलतात होय," काका म्हणाले. "तरीच."

बक्षीस समारंभात अध्यक्षांनी ठाण्याचं आणि रेल्वेचं नातं सांगितलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. टाळ्या. मी हात वर केला. मला सांगायचं होतं की त्याच्या आदल्या वर्षी, १८५२ साली, ही लाइन बांधताना कंत्राटदारांचं 'फॉकलंड' नावाचं इंजिन शंटिंग करत होतं. म्हणजे मुंबईत आधी शंटर आला, साहिब-सिंध-सुलतान मागून. अध्यक्षांना वाटलं मी बक्षीस घ्यायला उतावीळ झालोय. त्यांनी माझं नाव पुकारलं, 'चि.'सकट.

सोमवारी सेक्रेटरींना भेटलो. म्हणाले, "साहेब, फोटोत तुम्ही टेबलाखाली वाकलेले होता, आम्हाला वाटलं मुलाला मदत करताय." मला मुलगा नाही. नवीन प्रिंटचं म्हणाल तर ठराव करावा लागेल.

कंपासपेटीत मात्र कपलिंगचे बारीक सुटे भाग छान बसतात, एवढं नमूद करतो.

काका आता रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटतात. काल त्यांच्या सुनेची ८:०४ सोळा मिनिटं उशिरा आली. मी तळमजला येईपर्यंत कारणं दिली, मग दिलगिरी व्यक्त केली.