समुद्राचं मला नका सांगू

मी रत्नागिरीचा. म्हणजे बँकेच्या बदल्यांमुळे नोकरीची तीसेक वर्षं सोलापूर, नगर, जालना अशा समुद्राशी काही देणंघेणं नसलेल्या गावांत गेली, पण माणूस रत्नागिरीचा तो रत्नागिरीचाच, त्यामुळे मुलगा जेव्हा म्हणाला की बाबा डिसेंबरात या, आमच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो, रोज बीचवर जाऊ, तेव्हा मी त्याला लगेच सांगून टाकलं, बाबा रे, समुद्राचं मला नको सांगू, भाट्याच्या वाळूत रांगलोय मी.

मुलगा ऑस्ट्रेलियात वोलाँगाँगला असतो. सिडनीच्या दक्षिणेला साधारण 80 किलोमीटर. पहिल्या सकाळी गॅलरीत आलो आणि खरं सांगतो, गलबलून आलं. एकीकडे डोंगराची उभी भिंत, दुसरीकडे समुद्र, मधल्या पट्टीत गाव. हुबेहूब कोकण! फक्त उलटं घातलेलं. समुद्र पूर्वेला आणि डोंगर पश्चिमेला. सूर्यास्त बघायचा म्हणून संध्याकाळी मी समुद्राकडे तोंड करून पाऊण तास उभा, आणि हे महाशय माझ्या पाठीमागून डोंगराआड पसार. तेही रात्री आठ वाजता. भर दुपारी सूर्य डोक्याच्या दक्षिणेला नाही तर उत्तरेला. आमच्या हिची संकष्टी आली तर रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी चंद्राचा पत्ता नाही, पंचांग रत्नागिरीचं, त्याचा इथे काय उपयोग, आणि शेवटी उगवला तोही समुद्रातून आणि त्याच्यातला ससा उलटा लटकलेला. ही म्हणाली, "अहो, हा चालेल ना बाप्पाला?" मी म्हटलं, चालवून घेईल, तू जेव आधी.

तर रविवारी बीचवर जायचं ठरलं. सकाळी सातला निघायचं. आमच्याकडे समुद्रावर जाणं म्हणजे पायात चप्पल सरकवली की झालं, फार तर टॉवेल. इथे साडेसहाला मी चप्पल घालून दारात उभा आणि नात (तिसरीत आहे, पण आव हेडमास्तरचा) म्हणते, "आजोबा, नो हॅट, नो प्ले!" शाळेतला नियम आहे म्हणे, टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर सोडतच नाहीत. तिने मला मानेवर कापड लोंबणारी एक टोपी दिली, ती घालून मी आरशात बघितलं तर वाळवंटातल्या लढाईवर निघालेल्या शिपायासारखा दिसत होतो.

मग क्रीम. मी म्हटलं मला नको, आम्ही उन्हातलीच माणसं. त्यावर मुलगा, सूनबाई, नात तिघांनी मिळून माझी शाळा घेतली. इथलं ऊन वेगळं, यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचं माप) 11 झाला की एक्स्ट्रीम, आणि उन्हाळ्यात दुपारी तो 11 च्या वर जाणं ही इथे रोजचीच गोष्ट. 1981 पासून टीव्हीवर सिड नावाचा एक कार्टून सीगल नाचत नाचत सांगतोय, स्लिप, स्लॉप, स्लॅप, म्हणजे शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. आणि क्रीम किती? सात चमचे! एकेका हाताला एक, एकेका पायाला एक, पोटाला एक, पाठीला एक, तोंड-मान-कान मिळून एक. आमच्या घरी सात चमचे तेलात दोन दिवसांच्या फोडण्या होतात हो. वर निघायच्या वीस मिनिटं आधी लावायचं. नरकचतुर्दशीला उटणं लावून पाटावर बसवतात तसे आम्ही चौघं मोठे ओळीने पांढरे होऊन सोफ्याच्या कडेला बसलो, सोफ्याला लागू नये म्हणून खाली जुने टॉवेल. शेवटी नातीने माझ्या नाकावर गुलाबी रंगाचं झिंकचं क्रीम फासलं. निघायला दहा वाजले.

बीच मात्र सुंदर, कडेला उंचच उंच नॉरफोक पाइन, लांबून मला भाट्याचं सुरूचं बनच वाटलं (सुरू मूळचा या बाजूचाही आहे म्हणे, म्हणजे उलट आपणच नक्कल केली). पण एवढा लांबलचक समुद्र मोकळा आणि सगळी माणसं लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे विरार लोकलसारखी कोंबलेली. पोहायचं तर तिथेच. मी जरा बाजूला नजर टाकली तर एका ठिकाणी लाटाच नाहीत, गडद, शांत पाणी. म्हटलं बघा, अनुभव लागतो, जागा हेरता आली पाहिजे. गुडघाभर पाण्यात गेलो नसेन तर कर्कश शिट्टी. लाल-पिवळी टोपी घातलेली विशीतली एक पोरगी धावत आली आणि म्हणाली, "हाऊ यू गोइंग?" मी म्हटलं, "बाय कार." (इथे त्याचा अर्थ 'कसे आहात' असा, हे नंतर कळलं.) मग तिने समजावलं की ती शांत जागा म्हणजेच रिप, लाटांनी किनाऱ्याला आणलेलं पाणी तिथूनच परत आत जातं, चांगल्या पोहणाऱ्यालाही खेचून नेतं, आणि तिथे खोल असतं म्हणून लाट फुटत नाही. रविवारी ही सगळी मुलं फुकट, हौसेने हे काम करतात. मी थँक्यू म्हणून लोकलमधे चढलो.

मुलगा मला बरं वाटावं म्हणून सांगायला लागला की पूर्वी तर इथे दिवसाउजेडी समुद्रात उतरायलाच बंदी होती, 1902 साली सिडनीच्या मॅनली बीचवर विल्यम गोचर नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने आधी जाहीर करून भर दुपारी डुबकी मारली तेव्हा कुठे ती पुढे सैल झाली. ते ऐकून मला जरा आपला माणूस भेटल्यासारखं झालं, म्हटलं होऊन जाऊ दे गोचरच्या नावाने एक डुबकी, आणि पाय खाली टेकवतो तर घोट्याला कोणीतरी तापलेली तार गुंडाळली.

ब्लूबॉटल. जेलीफिशसारखा डंख मारणारा समुद्रातला जीव, निळा इवलासा फुगा आणि खाली हातभर दोरा. ईशान्येचं वारं सुटलं की थवेच्या थवे किनाऱ्याला लागतात. पावसाळ्यात मुंबईला जुहूलाही येतात, पेपरात फोटो बघितलेत मी, पण कोकणचा माणूस पावसाळ्यात समुद्रात कशाला उतरेल? (खरं तर एरवीही नाही उतरत. मी शेवटचा पोहलो ते दहावीत, तेही विहिरीत.) आमची ही म्हणे हळद दाबा, मी म्हटलं व्हिनेगर आणा, तीच शिट्टीवाली पोरगी म्हणाली यातलं काहीही नको, समुद्राच्या पाण्याने दोरा धुऊन काढायचा आणि सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय वीस मिनिटं.

घरी आलो, बादलीत पाय घालून बसलो तेवढ्यात रत्नागिरीहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल.

"काय दादा, समुद्र कसा काय तिकडचा?"

"आपल्यासारखाच रे," मी फोन छातीच्या वर धरून म्हटलं, "काही विशेष नाही."

"पोहलास की नाही?"

"मग! चांगला तासभर."

"आणि नाकाला काय लागलंय गुलाबी?"

मी नाक पुसेपर्यंत नातीने हातातून फोन घेतला आणि बादलीवर धरला.