कात्रीने केलेला हिवाळा : खाओ याईच्या वाइनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खाओ याईच्या द्राक्षमळ्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही चांगलंच सुनावलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : थायलंडमध्ये थंडी पडत नाही, तेव्हा तिथे वाइनची द्राक्षं होणंच शक्य नाही. बाहेरून रस आणायचा, शोभेला चार वेली लावायच्या आणि पर्यटकांचे खिसे हलके करायचे, असा तो धंदा आहे. फ्रान्समध्ये काही वर्षं काढलेल्या माणसाच्या घशाखाली ती वाइन उतरायची नाही. शिवाय, एवढीच हौस होती तर नाशिक काय वाईट होतं? आणि जाता जाता दारूचं उदात्तीकरण केल्याचा टोला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण तुमचा पहिला आक्षेप अनेकांच्या मनात असतो. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

द्राक्षवेलीला थंडी मानवते, यात वाद नाही. थंड देशांत पानं गळतात, वेल झोपते आणि वसंतात काडीवरचे सगळे डोळे, म्हणजे कोंब, जवळपास एकदम फुटतात. वाइनच्या द्राक्षांचा पट्टा ३० ते ५० अक्षांशांचा, असं पुस्तकांत छापलेलं असतं ते याच हिशोबाने. खाओ याई पंधराच्याही खाली आहे. तिथे वेल मोकळी सोडली तर बारा महिने हिरवी राहते. शेंडा पळत सुटतो, मागचे डोळे निजून राहतात, एका काडीला फुलोरा तर शेजारच्या काडीला पिकलेला घड. अशा वेलीची वाइन होत नाही, हे तुमच्याइतकंच तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे.

म्हणून तिथे हिवाळा कात्रीने करतात. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी छाटणी. मग कोरड्या, त्यातल्या त्यात गार महिन्यांत घड वाढतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते. त्यानंतर वेलीला थोडी उसंत देऊन पुन्हा छाटायचं. या दुसऱ्या छाटणीवर पीक घ्यायचं नाही, पावसाळाभर नुसती काडी तयार करून घ्यायची.

काही ओळखीचं वाटतंय का? निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही बागाईतदाराला विचारा, तो म्हणेल, यात नवीन ते काय? एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर नव्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड ठरतात. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं की काडी दिसायला जाडजूड, पण आत घड कमी. गोडी छाटणी झाली की काडीवर पेस्टिंग : हातात मोजे घालून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावायचं, म्हणजे डोळे मागेपुढे न फुटता एकसारखे फुटतात. थंडीने आपणहून केलं असतं ते काम इथे मजुरी मोजून करून घ्यावं लागतं. आणि नेमका त्याच सुमाराला परतीचा पाऊस रेंगाळला तर कोवळ्या फुटीवर डावणी हा बुरशीचा रोग ठरलेला. नाशिकला हीच धास्ती, खाओ याईलाही हीच.

माझ्या मामांची पिंपळगावकडे बाग आहे. त्यांना मळ्याचे फोटो पाठवले, तर वाइनबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. “दोन ओळींत अंतर किती गं? आणि ऑक्टोबरात पाऊस लागला तर करतात काय?” एवढंच. खरं सांगायचं तर तुमच्या प्रतिक्रियेपेक्षा हे प्रश्न मला जास्त अवघड गेले.

आता रस बाहेरून आणण्याबद्दल. इथे तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. तिकडच्या सुपरमार्केटात स्वस्त खोक्यांतली वाइन मिळते. त्यातल्या काहींत आयात केलेला माल मिसळलेला असतो, त्यामुळे लेबल वाचूनच घ्यावं. पण मी लिहिलं होतं ते ग्रानमोंते या मळ्याबद्दल. खाओ याईच्या असोक खोऱ्यात एका कुटुंबाने १९९९ मध्ये तिथे वेली लावल्या. आज तिथली वाइन करते ती त्याच घरातली मुलगी, निक्की लोहितनवी, ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला या शास्त्राचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. तिच्या आधी त्या देशात असं शिक्षण घेतलेली वाइनकार बाई नव्हती.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, मुक्काम मळ्यातच. तोडणी रात्री सुरू करतात ती उजाडेपर्यंत. डोक्याला दिवे बांधलेल्या बायका-माणसांच्या जोड्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होत्या. डाव्या हाताने घड तोलून धरायचा, उजव्या हाताने देठ कापायचा आणि उथळ क्रेटमध्ये अलगद ठेवायचा, टाकायचा नाही. रात्रीच का, तर दिवसा तोडलेलं द्राक्ष तापलेलं असतं. तापलेला माल क्रेटमध्येच फसफसायला लागतो, वास जातो, आणि मग तो गार करायला वीजही जास्त जळते. एका बाईने एक मणी रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्राच्या, काचेवर चुरडला, दिव्याकडे तोंड करून बघितलं आणि ते यंत्र माझ्या हातात दिलं. निळ्या-पांढऱ्याची सीमा विसाच्या थोडी वर. खायच्या द्राक्षाला आपल्याकडे साखर सोळा-अठरा ब्रिक्स (साखरेचं माप) भरली तरी माल निघतो, वाइनला त्याहून जास्त लागते. पण नुसती साखर बघून भागत नाही. उष्ण रात्रींत वेल मण्यातलं आम्ल जाळत असते, म्हणून एकीकडे साखर चढण्याची वाट पाहायची आणि दुसरीकडे आम्ल उतरण्याच्या आत तोडायचं. दोन-चार दिवसांचा खेळ असतो सगळा. शोभेच्या वेलींसाठी एवढी रात्र कोणी जागवत नाही हो.

एकट्या ग्रानमोंतेचंच हे कौतुक आहे असंही नाही. लोएई प्रांतात शातो द लोएईने १९९५ मध्ये थायलंडची पहिली व्यापारी वाइन बाजारात आणली. खाओ याईतच पीबी व्हॅलीचा मळा १९८९ पासूनचा. हुआ हिनकडे मॉन्सून व्हॅलीच्या वेली जिथे उभ्या आहेत तिथे पूर्वी हत्ती पकडून ठेवायची जागा होती. आणि बँकॉकच्या नैर्ऋत्येला खाडीकाठच्या सपाट जमिनीत तर वाफे पाण्याच्या चरांनी वेगळे केलेले, लोक होडीत बसून द्राक्षांची निगा राखतात. तो भाग बघायचा मात्र राहून गेला.

नाशिकबद्दल विचारलंत. नाशिकला जातेच की, घरच आहे. पण तुमचा युक्तिवाद जसाच्या तसा नाशिकला लावून बघा. आपण वीस अक्षांशांवर, म्हणजे आपणही त्या छापील पट्ट्याच्या बाहेरच. राजीव सामंतांनी कॅलिफोर्नियातल्या केरी डॅमस्की या वाइनकाराला हाताशी धरून सुला ही वाइन कंपनी उभी केली आणि २००० मध्ये पहिली वाइन काढली, तेव्हा ‘नाशिकला वाइन? द्राक्षं खायची असतात’ म्हणणारे कमी नव्हते. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला फसफसणारी वाइन बनून परदेशी जात होती. तेव्हा नाशिकचा अभिमान आणि खाओ याईची टिंगल हे दोन्ही एका श्वासात जमत नाही. मी तिकडे गेले ती नाशिक सोडून नव्हे, नाशिक ठाऊक होतं म्हणून. द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचा मळा बघायची खोड असतेच.

आणि फ्रान्स. तिथे राहिला आहात, तर साखरेचं तुम्हाला ठाऊक असेलच. थंड सालात द्राक्ष पुरेसं पिकलं नाही तर बर्गंडीत आंबवण्याआधी रसात साखर घालायची कायदेशीर सोय आहे. उष्ण प्रदेशांत उलट, टार्टारिक आम्ल घालून चव सावरतात. म्हणजे निसर्गाने जे हात आखडून दिलं ते माणसाने भरून काढायचं, दोन्हीकडे. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर दहिवर गोठलं तेव्हा शाब्लीच्या शेतकऱ्यांनी वेलींच्या ओळींत रात्रभर मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या. त्यांना थंडी नको होती, खाओ याईतल्यांना हवी असते. छापील पट्टा वरच्या अंगानेही फाटतोय : शँपेनमधल्या तेतांजे या वाइन बनवणाऱ्या घराण्याने २०१५ मध्ये इंग्लंडात केंटला जमीन घेतली, वाइनसाठीच. इंग्रजांच्या वाइनवर फ्रेंच माणूस पैसा लावेल, यावर आमच्या लहानपणी कोणी विश्वास ठेवला नसता.

चवीचं म्हणाल तर मूळ लेखात मी आरती ओवाळलेली नाही, पुन्हा वाचा. शेनिन ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन मला मनापासून आवडली : पिकल्या पेरूचा वास, शेवटाला आंबट चटका, आणि तिखट सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीबरोबर तर उत्तमच. त्याच द्राक्षाची फसफसणारी वाइनही नेटकी आहे. लाल वाइनींत सिरा ठीक. काबर्ने मात्र जड वाटली, पिकण्याची घाई झाल्यासारखी. त्या हवेत ते द्राक्ष हट्टाने लावू नये, असं माझं मत आहे. पण बोर्दोच्या फ्रेंच वाइनची फूटपट्टी घेऊन शेनिन मोजू नका. आपल्या नाशिकच्या शेनिनलाही त्या फूटपट्टीने नापासच व्हावं लागेल.

किमतीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतं. तिथली बाटली त्या दर्जाला महाग पडते, आणि त्यात कराचा वाटा मोठा. त्यात २०२४ मध्ये तिथल्या सरकारने आयात वाइनवरचं सीमाशुल्क काढून टाकलं, तेव्हा घरच्या बाटलीला आता परदेशी बाटलीशी थेट झुंजावं लागतं. आपल्याकडे ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे २०२२ च्या अखेरीपासून तिकडच्या ठरावीक किमतीवरच्या वाइनवरचा कर १५० टक्क्यांवरून खाली यायला लागलाय. नाशिकच्या मंडळींनी थायलंडकडे लक्ष ठेवावं ते यासाठी.

उदात्तीकरणाचा आरोप मी मनावर घेत नाही. थायलंडचा २००८ चा मद्यनियंत्रण कायदा जाहिरातीबाबत चांगलाच कडक आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय आला तेव्हा जो गदारोळ झाला, त्यात दोन्ही बाजूंना काही रास्त मुद्दे होते. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये, मळा बघायला बंदी नाही. आमच्याबरोबरच्या मुलांनी द्राक्षाचा रस प्यायला आणि रात्री तोडणी बघायला ती आमच्या आधी उठली.

तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंय की तिथे शाकाहारी माणसाने काय खायचं. खोच बाजूला ठेवून सांगते. बँकॉकहून पाक चोंगला आगगाडी किंवा व्हॅन मिळते, पुढे मळ्यांपर्यंत भाड्याची गाडी करावी लागते, आणि चव घ्यायची असेल तर चालकासकटच करा. जेवताना सोम तामसुद्धा डोळे झाकून मागवू नका, त्यात बहुधा माशाचं पाणी आणि सुकट असते. मागवताना ‘जे’ म्हणा, म्हणजे मांस-मासे-अंडं काही येणार नाही. कांदा-लसूणही जातो त्यात, तेवढी तयारी ठेवा.