लायबेरियाचं युद्ध बेडरूममध्ये थांबलं नाही

मुलगी अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेला ‘स्त्री आणि शांतता’ असा विषय मिळालाय. परवा मी मेथी निवडत बसले होते तेव्हा तिनं भाषण म्हणून दाखवलं. पहिलंच वाक्य: ‘लायबेरियाच्या बायकांनी नवऱ्यांना जवळ येऊ दिलं नाही आणि चौदा वर्षांचं युद्ध थांबलं!’ कुठून आणलंस? आत्याच्या फॉरवर्डमधून. गुलाबाची फुलं लावून तो सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. वर हे कौतुक आणि खाली दोन टोमणे: इतिहासात राण्यांनीच जास्त लढाया केल्या, आणि वाटाघाटींत बायका बसवणं म्हणजे यूएनचा कोटा.

लायबेरिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला देश, आणि हे तिथलं यादवी युद्ध, 2003 साली संपलेलं. शरीरसंबंध नाकारायचा बहिष्कार झाला होता, हे खरं. पण त्या आंदोलनाच्या म्होरक्या लेमा ग्बोवी, ज्यांना 2011 चं शांततेचं नोबेल मिळालं, त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्याचा प्रत्यक्ष परिणाम जवळजवळ शून्य होता. वर्तमानपत्रांचं लक्ष वेधायला तेवढा उपयोग झाला. आता यावर आत्याला आणखी कुणाची साक्ष हवी? आणि ज्या युद्धात बलात्कार सर्रास झाले, तिथे बायकांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं आणि पुरुषांनी बंदुका खाली ठेवल्या, हे लिहिताना हात कसा अडखळला नाही?

केलं काय त्यांनी? 2003 च्या एप्रिलपासून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे टी-शर्ट घालून रोज बसायच्या, ऊन असो की पाऊस. जागाही हेरून निवडलेली. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा तिथूनच जायचा. जूनमध्ये घानात, अक्रा शहरात बोलणी सुरू झाली. सरकारचे आणि बंडखोरांचे पुढारी हॉटेलात राहून सत्तेची वाटणी करत बसले आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत ग्बोवी आणि सोबतच्या बायकांनी सभागृहाच्या दाराशीच बैठक मारली, हातात हात अडकवून. कोणी बाहेर पडायचं नाही! पहारेकरी अटक करायला आले तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईसारख्या बाईनं असं स्वतःहून विवस्त्र होणं म्हणजे तिकडे शाप. शेवटी मध्यस्थ, नायजेरियाचे माजी लष्करशहा जनरल अबुबकर, बायकांशी बोलायला आले. 18 ऑगस्टला शांतता करारावर सह्या झाल्या.

त्याच ऑगस्टमध्ये टेलरला पद सोडावं लागलं, पण त्याला एकट्या बायकांनी घालवलं असं मीही म्हणणार नाही. बंडखोर राजधानीत शिरले होते, शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाचं आरोपपत्र डोक्यावर होतं. पण बोलणी रेंगाळली असताना दार अडवून बसल्या त्या ह्याच.

राण्यांचं म्हणाल तर नाइलाजानं कबूल करते. 1480 ते 1913 या काळातल्या युरोपच्या राजेराण्यांवर अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आहे आणि राण्यांची राज्यं जास्त युद्धांत सापडली असंच त्यात निघालंय. फॉरवर्डवाल्यानं पुढचं वाचलं नाही. अविवाहित राण्यांवर शेजारीच जास्त चाल करून आले. शिवाय सिंहासनावरची राणी आणि मासळी बाजारातली बाई यांचा एकमेकींशी संबंध काय?

कोट्याबद्दल फार लिहीत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये 1996 साली निवडणुकीच्या तोंडावर बायकांनी पक्ष काढला, मतं जेमतेम एक टक्का, तरी नियमानं वाटाघाटींत दोन जागा मिळाल्या. तिथल्या 1998 च्या शांतता करारात हिंसाचाराच्या बळींचा आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांच्या मुलांनी एकत्र शिकण्याचा मुद्दा त्यांनी लावून धरला म्हणून आला. आणि यूएनची पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी 2007 साली गेली कुठे? लायबेरियालाच. ती आपल्या सीआरपीएफची होती, हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

मुलीनं पहिला परिच्छेद खोडला. आता म्हणते, आई, चार मिनिटांत अक्रा बसत नाही.