माहेरचे नाव

जी गाडी मी अकरा वर्षे दर रविवारी स्वतःच्या हातांनी धुतली, तिचे खरे नाव मला ठाऊक नव्हते, हे सत्य मला परिवहन विभागाच्या संकेतस्थळाने सुनावले. गाडी पर्वरीला राहणाऱ्या भाच्याला द्यायचे आम्ही ठरवले होते. गाडी कायमची गोव्यात जाणार म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र हवे, त्यासाठी नमुना क्रमांक २८ भरायला हवा आणि अर्जाची सुरुवात करायची तर चेसिस क्रमांकातील, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकातील, शेवटची पाच अक्षरे हवीत. मी मोठ्या आत्मविश्वासाने पाटीवरचा क्रमांक भरला. पाटीच्या शेवटी आकडे चारच आहेत आणि चौकटी पाच, तेव्हाच खरे तर मला शंका यायला हवी होती.

"अहो, पाटीवरचे ते सासरचे नाव," सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "गोव्यात गेली की ते बदलणारच. तुम्हाला विचारताहेत ते माहेरचे."

माहेरचे नाव आरसीच्या कार्डावर होते. परंतु अकरा वर्षे माझ्या पाकिटात राहून त्या कार्डाची अवस्था जीर्ण ताम्रपटासारखी झाली होती. भिंगातून पाहिल्यावर सतरा अक्षरे मोजता आली. या सतरा अक्षरांची मांडणी आंतरराष्ट्रीय आहे आणि एखाद्या कुलवृत्तांताला शोभेल अशी आहे. पहिली तीन अक्षरे म्हणजे गोत्र: आरंभी एम आणि ए आले की कारखाना भारतातला, त्यापुढे ३ आला तर मारुती, टी आला तर टाटा, एल आला तर ह्युंदाई. पुढच्या सहा अक्षरांत अंगकाठी, म्हणजे मॉडेल, बांधणी, इंजिनाचा प्रकार वगैरे, आणि शेवटच्या आठांत त्या एका गाडीची स्वतःची ओळख. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे या नावात कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा करतात. ही दूरदृष्टी स्तुत्य आहे. मात्र एस आणि पाच, बी आणि आठ, झेड आणि दोन या जोड्यांना त्याच न्यायाने हद्दपार का केले नाही, हे ही मांडणी ठरवणाऱ्या समितीने कधीतरी माझ्या वयाच्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या गृहस्थाला समजावून सांगावे.

भाच्याला विम्यासाठी तोच क्रमांक हवा होता. मी फोनवरून सांगू लागलो, "एम म्हणजे मुंबई, ए म्हणजे अकोला," आणि प्रवास सुरळीत चालला होता. सहाव्या अक्षराशी मी "सातारा" म्हणालो.

"मामा, नक्की सातारा? की पाच?"

मी भिंग बदलले. मग पाचाचा सातारा झाला, साताऱ्याचा पुन्हा पाच झाला आणि शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फोटोच पाठवा." फोटोत दोन्ही सारखेच दिसत होते.

आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे ताळा. नववे अक्षर हा ताळ्याचा अंक असतो, असे मी कुठेसे वाचले. प्रत्येक अक्षराला ठरावीक किंमत द्यायची, तिला जागेनुसार ८, ७, ६, ५ अशा ठरलेल्या वजनाने गुणायचे, सगळ्याची बेरीज करून ११ने भागायचे. बाकी उरेल ती नवव्या जागी असली पाहिजे आणि बाकी दहा उरली तर तेथे एक्स. मी रात्री साडेअकरापर्यंत हिशेब केला. आधी पाच धरून केला, नंतर एस धरून केला. दोन्ही वेळा ताळा जमला नाही. आपण अकरा वर्षे चोरीची गाडी धूत आहोत, या विचाराने मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही. नववा अंक ताळ्याचा असण्याची सक्ती उत्तर अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही, ही माहिती त्याच पानावर चार ओळी खाली होती. ती मी सकाळी चहाबरोबर वाचली.

आता पाच की एस याचा निवाडा प्रत्यक्ष गाडीवरच व्हायचा होता. शिवाय अर्जावर चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप लागते आणि ती पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकाचीच लागते. दाराच्या खांबावर एक पट्टी सापडली, तिच्यावर क्रमांकही होता. पण ती पट्टी चालत नाही. बॉनेट उघडून मी आत डोके घातले, तर मागे सोसायटीतील तीन ज्येष्ठ नागरिक जमा झाले. उघड्या बॉनेटपाशी थांबून मत देणे हे आमच्या पुण्यात नागरी कर्तव्य मानले जाते. एकाने बॅटरी, दुसऱ्याने रेडिएटर आणि तिसऱ्याने गाडी विकण्याचा सल्ला दिला. अखेर शेजारच्यांची गाडी पुसणारा मुलगा म्हणाला, "काका, पुढची डावी सीट मागं सरकवा आणि खालचं मॅटिंग उचला."

मॅटिंगखाली शेंगदाण्याची टरफले होती, टोलच्या पावत्या होत्या आणि पाचशे रुपयांची एक जुनी नोट होती. ८ नोव्हेंबर २०१६ला बाद झालेली ती नोट कोणी गहाळ केली, यावर आमच्या घरी तेव्हा दोन दिवस अबोला होता. ती मी गुपचूप खिशात घातली. तिच्या खाली क्रमांक होता.

रॉकेल मिळेना, म्हणून डिझेलच्या फडक्याने पत्रा पुसला. दाराबाहेर गुडघे टेकून, मान सीटखाली घालून, डाव्या हाताने कागद दाबून उजव्या हाताने पेन्सिल फिरवायची, हे आसन कोणत्याही योगवर्गात शिकवत नाहीत. पहिला कागद फाटला. दुसरा सरकला आणि त्यावर चौतीस अक्षरे उमटली. तिसऱ्यावर मात्र बारीक ठिपक्यांची अक्षरे मुंग्यांच्या रांगेसारखी एकामागून एक वर आली आणि सहाव्या जागी स्वच्छ, निःसंदिग्ध आठ होता.

तो कागद मी पाटपूजेच्या तबकासारखा दोन्ही हातांवर धरून कार्यालयात नेला. खिडकीपलीकडच्या बाईंनी बोट ठेवून सतराही अक्षरे पडताळली, मान डोलावली आणि विचारले, "बाकीच्या दोन प्रती?"

"झेरॉक्स काढून आणू का?"

"झेरॉक्स नाही. छाप."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सीटखाली गेलो. या वेळी मात्र गुडघ्यांखाली दिवाणखान्यातली उशी घेऊन.