हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा कसं उडवावं

ट्रकचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी, एकदा बदललं की सुटलो, असं समजणारे लोक हौशी. मुरलेला मालक तेच गॅस्केट वर्षात दोनदा बदलून घेतो आणि दर वेळी बिलावर नवं कारण छापून आणतो. हे आपोआप जमत नाही. त्याला मालक, चालक आणि डीलरचं वर्कशॉप अशा तिघांची साथ लागते आणि तिघांनीही एक पथ्य पाळावं लागतं. इंजिन मुळात तापलं कशानं, हे कोणीही विचारायचं नाही.

पूर्वतयारी कूलंटपासून करा. ग्लायकॉल आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, ही पुस्तकी माणसांची खोड आहे. तुम्ही सरळ बोअरचं जड पाणी ओता. निम्म्या मिश्रणाला उघड्यावर उकळायला साधारण १०७ अंश सेल्सिअस लागतात, आणि रेडिएटरचं १ बारचं झाकण दाब नीट धरत असेल तर तेच १२५ च्या पुढे जातं. एवढी मुभा घेऊन करायचंय काय? रबर कडक झालेलं जुनं झाकण ठेवा, म्हणजे पाणी शंभराच्या आसपासच उकळून मोकळं होईल. शिवाय ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या इंजिनात साध्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे. ज्वलनाच्या प्रत्येक ठोक्याला लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टोचे पडत जातात. कूलंटमधलं ॲडिटिव्ह त्यावर संरक्षक थर धरतं. साध्या पाण्यात हे काही नसल्यामुळे टोचे थेट आरपार जातात आणि पाणी ज्वलनाच्या चेंबरमध्ये उतरतं. मग गॅस्केटबरोबर लायनरचंही बिल होतं.

रेडिएटर धुवायचाच असेल तर समोरून, दिसतो तेवढाच धुवा. खरी माती इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, नमद्यासारखी घट्ट बसलेली असते; ती काढायला इंटरकूलर पुढे घ्यावा लागतो, म्हणून तिकडे पाहूच नका. गाडी तापली असताना फॅन क्लच (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) धरतोय का, हेही तपासू नका. पंखा फिरताना दिसतो ना, मग झालं.

थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेवर, शंका आली तर नवा बसवायच्या भानगडीत पडू नका, काढूनच टाका. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकानं बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतो आणि भरल्या मालानं चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. वरून सपाटीवर तापमानाचा काटा इतका खाली राहतो की ‘बघा, फरक पडला’ असं म्हणताही येतं.

आता चालकाचं प्रशिक्षण. काटा लाल पट्टीला टेकला तरी चढ संपेपर्यंत थांबायचं नाही. थोड्या वेळात एक चमत्कार होतो, काटा आपणहून खाली येतो. त्याला गाडी गार झाली असंच सांगा. पाणी इतकं उडालेलं असतं की सेन्सर वाफेत लटकत असतो, आणि वाफेत त्याचा आकडा कमीच येतो. अशा वेळी केबिनचा हीटर चालू केला तर गार वारा सुटतो, म्हणजे फिरायला पाणीच उरलेलं नाही. एवढं कळलं तर चालक इंजिन बंद करेल, म्हणून हीटरला हात लावायची सक्त मनाई करा. शेवटी गाडी थांबलीच, तर तापलेल्या इंजिनात बादलीभर गार पाणी एका दमात ओतायला सांगा. हेड तडकायची संधी रोज येत नाही.

पुढचा टप्पा वर्कशॉपचा, आणि इथं खरी कला आहे. सर्व्हिस ॲडव्हायझरला फक्त ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगा. किती माल होता, चढ होता की सपाटी, किती वेळानं तापली, पाणी दर फेरीला किती कमी होतं, यातलं काही जॉब कार्डवर येऊ देऊ नका. मग मेकॅनिक रिकामा ट्रक दहा मिनिटं फिरवून आणेल आणि लिहील, ‘तक्रार आढळली नाही’. त्याआधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसले गेले की काम चोख. कारण कोड बोलतात. एसपीएन हा बिघाड कशात आहे त्याचा क्रमांक, एफएमआय हा बिघाडाच्या प्रकाराचा; एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. त्यापुढे एफएमआय ० असेल तर ईसीएमनं, म्हणजे इंजिनाच्या संगणकानं, तापमान धोक्याच्या वर नोंदलं, आणि ३ असेल तर सेन्सरचं व्होल्टेज वर गेलं, म्हणजे दोष वायरीत किंवा सेन्सरमध्ये. हे आधी लिहून घेतलं तर अर्धं निदान तिथंच होतं आणि उरलेल्या मजुरीचा प्रश्न उभा राहतो.

एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे दिसले की ताबडतोब ‘हेड गॅस्केट!’ म्हणून ओरडा. ट्रकच्या टाकीत हवा घुसवणारे आणखी काही जण असतात, पण त्यांची नावं घेऊ नका. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर बऱ्याच गाड्यांवर इंजिनच्याच पाण्यावर गार होतो. त्याच्या हेडचं छोटं गॅस्केट गेलं की तो कूलंटमध्ये हवा ढकलतो. हवेचा दाब भरून कॉम्प्रेसरनं कट-आउट घेतला (हवा भरणं थांबवलं) आणि बुडबुडे थांबले, तर मोठ्या हेडला हात लावायची गरज नसते. टाकीच्या तोंडाशी निळं द्रव धरून करायची गॅसची चाचणीही इथं कामाची. ज्वलनाचा वायू असेल तर रंग हिरव्या-पिवळ्याकडे झुकतो, कॉम्प्रेसरच्या हवेनं निळाच राहतो. ती करायलाच लागली तर आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीच्या मंद गतीवर करा. डिझेल आयडलला इतकं पातळ (हवा जास्त, इंधन कमी) जळतं की बारीक गळती सहज लपते. ईजीआर कूलरची (इंजिनात परत जाणारा धूर गार करणाऱ्या भागाची) फुटलेली नळी पाणी गिळून पांढरा धूर देते, तर इंजेक्टरभोवतीची तांब्याची स्लीव्ह ढिली झाली की ज्वलनाचा वायू थेट पाण्यात येतो. दोन्हींचा आळ गॅस्केटवर बिनबोभाट घेता येतो.

हेड उतरवताना इंजिन गरमच असू द्या आणि बोल्ट वाटेल त्या क्रमानं सोडा. बाहेरून आत, टप्प्याटप्प्यानं सोडले तर हेड वाकत नाही आणि फेसिंगचं (हेड घासून सपाट करायचं) काम मिळत नाही. ब्लॉकचा पृष्ठभाग ग्राइंडरच्या खरखरीत डिस्कनं चकाचक करा. तिची पूड तेलात उतरून बेअरिंग खाते, पण ते पुढच्या बिलात. सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कपाटातच राहू द्या; हेडच्या वाकाची मर्यादा इंजिनागणिक वेगळी असली तरी ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे डोळ्यांना हेड नेहमीच सरळ दिसणार. लायनर ब्लॉकच्या वर किती निघालाय हे डायल गेजवर पाहू नका. तिथं काही शतांश मिलिमीटरचा हिशोब असतो. एक लायनर शेजाऱ्यापेक्षा खाली बसला की नवं गॅस्केट नेमकं त्याच्यावर दाबलं जात नाही आणि तिथूनच उडतं. माझ्या मते दुसऱ्यांदा उडालेल्या गॅस्केटमागे हा दुर्लक्षित आकडा असण्याची शक्यता फार मोठी, म्हणून तर तो जपून विसरावा.

बोल्टच्या भोकात साचलेलं तेल-पाणी हवेनं उडवू नका. आवळताना ते दबून ब्लॉकला तडा देऊ शकतं. एकदाच ताणून टाकून द्यायचे बोल्ट पुन्हा वापरा. कंपनी म्हणते मधून बाहेर, आधी ठरलेल्या जोरानं (टॉर्क), मग ठरलेले अंश फिरवून आवळा. तुमच्याकडे लांब पाइप असताना अंश कशाला मोजायचे? पोलादी थरांच्या गॅस्केटला दोन्हीकडून पेस्ट फासा, त्यावर लिहिलेलं असो वा नसो.

गाडी ताब्यात घेताना तेल पाहू नका. पाणी मिसळून दुधाळ झालेलं तेल आणि फिल्टर न बदलताच इंजिन सुरू झालं असेल, तर मेन बेअरिंगचं काम आपोआप रांगेला लागतं. कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायचे स्क्रू उघडले होते का, हेही विचारू नका.

राहिला क्लेम. ओव्हरहीटनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं लेखी उत्तर येईल. आणि ओव्हरहीट कशानं झालं हे तपासणं गॅस्केटच्या जॉब कार्डात बसत नाही, असं तोंडी. दोन्ही मान्य करा. हेडच्या सपाटीचे आणि लायनरचे आकडे कागदावर मागू नका, कोडची प्रिंट मागू नका. जुनं गॅस्केट तर अजिबात मागू नका. जळकी खूण कोणत्या दोन सिलिंडरांच्या मध्ये आहे आणि सिलिंडरभोवतीच्या कोणत्या रिंगवर दाबाचा ठसा अर्धवट उमटलाय, हे त्यावर स्वच्छ दिसतं. तसंही मागाल तोवर ते भंगारात गेलेलं असतं.