युकाच्या चपलांचे तळवे: थोडी भर

प्युब्लो लोक म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्य भागातले मूळ रहिवासी. त्यांच्या पूर्वजांच्या चपलांवरच्या एका लेखात त्या सगळ्या चपलांना 'पानांच्या साध्या चटया' म्हटले आहे; ही टीप त्यावर. ते पटत नाही. त्यात निदान दोन वेगळी तंत्रे आहेत.

पहिले सोपे: युका या लांब, टोकदार पानांच्या रानझुडपाची अखंड किंवा चिरलेली पाने तिरकस दोन-वर-दोन-खाली विणायची. काम लवकर होते, पण पान वाळले की कडक होते आणि टाच-चवड्याखाली चुरते. म्हणून अशा झिजलेल्या, टाकून दिलेल्या चपला गुहांत भरपूर सापडतात.

दुसरे खरे थक्क करणारे. पानातला गर काढून, आपल्या घायपातासारखा, तंतू मोकळा करायचा, दोन पदरी सूत वळायचे. मग उभ्या धाग्यांभोवती आडव्या धाग्यांची जोडी दर वेळी एकमेकींत पिळत न्यायची. पीळ सैल राहिला तर तळवा पसरतो. विणतानाच जास्तीचे वेढे आणि गाठी घालून तळव्याच्या खालच्या बाजूला उठावाची भौमितिक नक्षी काढत. मऊ मातीत तिचा ठसा उमटे. ॲरिझोनातल्या प्रेअर रॉक भागातल्या गुहांत पुरातत्त्वज्ञ अर्ल मॉरिस यांना १९३१ मध्ये अशा चपला मिळाल्या. त्या साधारण इ.स. सातव्या शतकातल्या आहेत.

त्या टिकल्या कोरड्या कपारींमुळे. ओल लागली की बुरशी आणि किडे तंतू खातात. आणि कृपया, दुमडलेली जुनी चप्पल कोणी हाताने सरळ करू नये. सुकलेला तंतू घडीवरच तुटतो.